शनिवारचा बेशुद्ध

॥ श्री ॥

धरमपेठ, नागपूर
सोमवार, ९ डिसेंबर १९७४

चि. सौ. शामला हिस देवकीचे अनेक आशीर्वाद.

'येथील सर्व क्षेम' हे वाक्य आज मुद्दाम गाळले आहे. पत्राचे कारण असे की, परवा शनिवारी दुपारी तुझे गोपाळदादा आपल्या मागच्या पडवीत बेशुद्ध होते आणि आम्ही सहा शिकलेल्या बायकांनी त्यांना दवाखान्यात नेण्याआधी त्यांच्या धडधाकट पायाला फळ्या बांधल्या. ते जिवंत आहेत. शुद्धीवर आले आहेत. ही दोन वाक्ये पुन्हा एकदा वाच, पाणी पी आणि मग पुढे जा.

पोस्टकार्ड लिहिले नाही, कारण तुमचा पोस्टमन पत्र हातात देण्याआधी त्यातला मजकूर सांगतो. हे पाकीट आहे, तरी दार लावून वाच.

मी दर शनिवारी दोन वाजता महिला मंडळाचा प्रथमोपचाराचा वर्ग घेते, हे तुला ठाऊक आहे. गोपाळराव जूनमध्ये निवृत्त झाले तेव्हापासून वर्गातला बेशुद्ध माणूस तेच होत. पडवीतल्या तख्तपोसावर आडवे पडायचे आणि बायकांनी त्यांना तपासायचे, बांधायचे, उचलायचे. काम चांगले करीत. दोष एकच. बत्तीस वर्षे कचेरीत दुसऱ्यांच्या चुका काढण्याची सवय. बायकांनी गाठ चुकीची मारली की हे बेशुद्ध गृहस्थ डोळे उघडून गाठ कशी हवी ते सांगत. बायका हसत, वर्गाची शिस्त मोडे. शेवटी गेल्या महिन्यात मी त्यांना स्पष्ट सांगितले की, भाऊजी, बेशुद्ध माणूस बोलत नाही, पुढच्या शनिवारपासून तुम्ही येऊ नका. त्यांच्या जागी मी बैठकीतला मोठा लोड आणला. तो पोटाशी फुगलेला आहे म्हणून बायका त्याला गणपतराव म्हणतात. गणपतराव बोलत नाहीत.

परवा वर्ग भरला तर तख्तपोसावर गोपाळराव उताणे पडलेले आणि लोड खाली. मला वाटले, रुसून आपली जागा परत घेतली. मी म्हटले, राहू द्या, आज यांनाच बांधा, तोंड उघडले तर बघून घेईन. कुसुमताईंनी डाव्या पायाला फळ्या बांधल्या, दुसरीने हात झोळीत घातला, तिसरीने डोक्याला पट्टी गुंडाळली. काम उत्तम झाले. मी दहापैकी नऊ गुण दिले.

शामला, माझ्या वर्गाचा पहिला नियम असा आहे की, आधी हाक मारा, हलवून बघा, श्वास बघा, मग हात लावा. तो नियम मी त्या बायकांकडून सात शनिवार पाठ म्हणवून घेतला आहे. परवा मीच तो गाळला, कारण माणूस ओळखीचा होता.

इंदूबाई, माझ्याकडची स्वयंपाकीण, वर्गात बसत नाही. ती मधल्या वेळेत चहा आणते. गोपाळराव बेशुद्ध असोत नसोत, कप जवळ आला की त्यांचा एक डोळा उघडतो. तिने नेहमीप्रमाणे कप त्यांच्या नाकाशी धरला, थोडी थांबली आणि मला म्हणाली, "बाई, काकाजी चहाले उठून नाही राहिले. हे सोंग नोय."

मी जाऊन हाक मारली. खांद्याला चिमटा काढला. काही नाही. श्वास होता, पण फार सावकाश. उशाशी रिकामी बाटली होती, तिच्यावर आमच्यापैकी कोणीतरी कात्री ठेवली होती. बाटली कसली ते तुला कळले असेल. ही घेरी नव्हे. जीव द्यायचा म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने औषध घेतले होते. मी हे साध्या शब्दांत लिहिते आहे, कारण तुझ्यापाशी तरी मला आडून बोलायचे नाही.

पुढच्या दोन मिनिटांत सात शनिवारांचे शिक्षण वाहून गेले. एक कांदा फोडून आली. दुसरी वहाण घेऊन धावली. तिसरीने मिठाचे पाणी केले आणि कुसुमताई, ज्यांना मी वर्गात पहिली समजते, त्या त्यांचे तोंड उघडून चमचाभर तूप घालायला निघाल्या. मी सगळे हिसकावून घेतले. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घातले तर ते पोटात जात नाही, श्वासनळीत जाते. आम्ही त्यांना कुशीवर वळवले, वरचा गुडघा वाकवला, हनुवटी जरा वर केली, गळ्याची आणि कमरेची बटणे सोडली. कुशीवर ठेवायला पाठीशी टेकू हवा होता, तिथे गणपतराव लावले.

समोरच्या फळवाल्या ताराचंदचा टेम्पो संत्र्यांच्या पेट्या भरून उभा होता. पेट्या उतरवायला वेळ नव्हता. दोन पेट्या सरकवून मध्ये गोपाळराव, त्यांच्या पाठीला लोड, एका बाजूला मी, एका बाजूला इंदूबाई. तिला मी छातीवर नजर ठेवायला सांगितले. ती शंकरनगरपासून दवाखान्यापर्यंत दर श्वासाला 'आला' म्हणत होती. मी आयुष्यात याहून चांगला शब्द ऐकलेला नाही.

दवाखान्यात मी परिचारिकेच्या हाती बाटली दिली आणि वेळ लिहिलेला कागद दिला. बाकी पुढच्या पत्री. तू धावत येऊ नकोस, रडायला इथे जागा नाही. पत्राचे उत्तर मात्र लगेच दे आणि लोभ आहे तितकाच राहू दे. माझी चूक तुला सांगून झाल्यावर तो कमी झाला तरी तक्रार करणार नाही.

तुझी,
देवकीवहिनी


॥ श्री ॥

रामटेक
बुधवार, ११ डिसेंबर १९७४

ती. गं. भा. देवकीवहिनींचे सेवेशी शामलेचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र दोनदा नाही, पाच वेळा वाचले. पाणी प्यायले. दार लावले होते, तरी हे बाहेरून विचारीत राहिले की काय झाले, म्हणून शेवटी उघडले आणि पत्र त्यांच्या हाती दिले. अंगणात उभ्याने वाचता वाचता ते धानाच्या पोत्यावर बसले. मग भिंतीकडे बघून म्हणाले, "काहून गा गोपाळराव? आमाले एक डाव सांगतलं असतं तं का झालं असतं?" भिंत काय बोलणार. मी आत जाऊन रडून घेतले. तुमच्याकडे जागा नाही म्हणालात, आमच्याकडे आहे.

वहिनी, लोभाचे तुम्ही काय लिहिले ते मला आवडले नाही. गोपाळदादाला लहानपणापासून ही खोड आहे. लपाछपीत असा लपायचा की कोणाला सापडायचा नाही, आणि मग कोणी शोधायला आले नाही म्हणून रडायचा. सिंधूवहिनी होती तोवर ती नवऱ्याला शोधीत असे. ती गेल्याला आता दोन वर्षे होतील. दिवाळीला मी त्याला या म्हणून लिहिले, तो नाही म्हणाला, मी दुसऱ्यांदा लिहिले नाही. तेव्हा चुका वाटून घ्यायच्या तर मलाही वाटा हवा. सगळ्या तुम्ही एकट्या घेऊ नका, ती तुमची जुनी सवय आहे.

आता ह्यांचे ऐका. ह्यांचे म्हणणे, ही गोष्ट बाहेर फुटू नये. पोलीस आले तर सांगायचे की ऊन लागले. इथल्या लोकांना ह्यांनी तसे सांगूनही टाकले. शेजारचे देवाजी म्हणाले, डिसेंबर महिन्यात? तर हे म्हणाले, नागपूरचं ऊन तुले माहीत नाही. मी कपाळाला हात लावला. गडावर जाऊन रामाला नारळ बोलून आले ते मात्र बरे केले.

मनाच्या डॉक्टरला दाखवायचे असे दवाखान्यात म्हणाले तर नाही म्हणा, असेही ह्यांनी लिहायला सांगितले आहे. म्हणून लिहिले. माझे मत विचारले तर दाखवा.

तुम्ही सहा शिकलेल्या बायकांनी धडधाकट पाय बांधला, हे वाचून मला रडता रडता हसू आले, देव मला क्षमा करो. मी सातवी पास, मी निदान आधी त्याला उठवले असते, कारण मला बांधताच येत नाही. इंदूबाईला माझ्याकडून एक लुगडे द्यायचे आहे, रंग विचारून ठेवा.

तो चहा मागतो का, एवढेच कळवा. प्रकृतीस जपा. माझ्यावरची माया आहे तशी असू द्या, रागही आहे तसाच असू द्या, त्याची सवय झाली आहे.

तुमची,
शामला


॥ श्री ॥

धरमपेठ, नागपूर
शनिवार, १४ डिसेंबर १९७४

चि. सौ. शामला हिस अनेक आशीर्वाद.

क्षेम अर्धे आहे, तेवढेच लिहिते. गोपाळराव गुरुवारी घरी आले. चहा मागत नाहीत.

वामनरावांना सांग की ऊन लागल्याची गोष्ट मी सांगितली नाही. मी दारातच डॉक्टरांना खरे सांगितले, काय घेतले, अंदाजे केव्हा, आम्हाला केव्हा कळले. खोटे सांगितले असते तर त्यांनी उन्हाचा इलाज केला असता आणि आपण तेरावा. तिथे लाज बाळगायला एक मिनिटही शिल्लक नव्हते. अर्धे मिनिट होते, तेही वाया गेले. कारण डॉक्टर, अगदी तरुण मुलगा, त्याने पायाला फळ्या, हात झोळीत, डोक्याला पट्टी बघितली आणि हाडांच्या डॉक्टरला बोलवा म्हणून ओरडला. मी म्हटले, हाडे सगळी शाबूत आहेत, हा अभ्यास आहे. त्याने माझ्याकडे असे बघितले की, जणू मलाही तपासावे लागेल. फळ्या सोडताना मात्र म्हणाला की, वर्षभरात इतकी नीट बांधलेली फळी बघितली नाही. कुसुमताई रिक्षाने मागून पोचल्या होत्या. त्या रडत होत्या, तरी हे त्यांनी ऐकले आणि आता धरमपेठेत सगळ्यांनी ऐकले आहे.

दवाखान्याकडून पोलिसांत कळवतात, तसा कायदा आहे. दुसऱ्या दिवशी हवालदार आला. भला माणूस, पण त्याने आधीच्या कागदात फळ्या, झोळी आणि पट्टीचे वाचले होते. तो मला विचारू लागला की, बाई, यांना मारले कोणी? वर गणपतराव कोण, तेही विचारले, कारण इंदूबाईने जबाबात सांगितले होते की, टेम्पोत काकाजींच्या मागं गणपतराव होते. गणपतरावांचा पूर्ण पत्ता हवा म्हणाला. मी त्याला घरी आणून लोड दाखवला. त्याने लोड बघितला. मग टोपी काढून म्हणाला की, त्याचा मोठा भाऊ असाच गेला, घरात कोणी नव्हते. तुम्ही होतात. कागद काय तो त्याने लिहून नेला आहे, पुढे त्रास होईलसे दिसत नाही.

आता खरी गोष्ट. शरीर सुधारले आहे. माणूस सुधारलेला नाही. गुरुवारपासून बोलतात, पण कोणाचे काही चुकलेले दाखवीत नाहीत. दवाखान्यातल्या कागदावर त्यांचे वय चार वर्षांनी जास्त लिहिले होते, त्यांनी वाचले आणि खाली ठेवले. मला धडकी भरली. घरी आल्यावर मी परीक्षा घेतली. कॅलेंडरचे पान जानेवारीचे करून ठेवले. बोलता बोलता म्हटले, तुम्ही मेमध्ये निवृत्त झालात ना? ते म्हणाले, असेल.

शामला, मी या घरात येऊन अडतीस वर्षे झाली. 'असेल' हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. इंदूबाई चहा ठेवते, त्याच्यावर साय धरते, ती तसाच उचलून नेते आणि माझ्याकडे बघत नाही.

डॉक्टरांनी सांगितले आहे की, काही आठवडे त्यांना एकटे ठेवू नका, औषधे कुलपात ठेवा, आणि विचारायला भिऊ नका, विचारल्याने विचार येत नाही. मनाच्या डॉक्टरकडे दर पंधरवड्याला न्यायचे आहे. नेणार. वामनरावांचे मत मी वाचले, धन्यवाद.

म्हणून काल दुपारी मी समोर बसून विचारले, भाऊजी, जीव द्यावा असे अजून मनात येते का? मी आयुष्यभर शाळेत मुलींना प्रश्न विचारले, कधी उत्तराची भीती वाटली नाही. काल वाटली. ते म्हणाले, "येतं, वहिनी. पण तुम्ही असं सरळ विचारलं की ते जरा लाजतं."

मग मी दुसरे विचारले, जे त्या शनिवारपासून माझ्या मनात होते. तुमच्या जागी मी लोड आणला म्हणून का? त्यावर त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितले. म्हणाले, लोडाचा दोष नाही, तो आपले काम चांगले करतो. जून सरला, मग दिवस लांब झाले, मग झोप गेली, मग एकेक गोष्ट तिच्या जागेवरून उठून जाऊ लागली. लोड त्यातला एक, बस्स. डॉक्टरही तेच म्हणाला की, पोते एका दाण्याने भरत नाही. मला हे पटते. रात्री मात्र पटत नाही.

आज शनिवार. वर्ग घेतला नाही. हे पत्र त्या वेळात लिहिले आहे. मायेत अंतर पडू देऊ नकोस. गेल्या पत्रातला तुझा वाटा मी नोंदवून घेतला आहे.

तुझी,
देवकीवहिनी


॥ श्री ॥

रामटेक
मंगळवार, १७ डिसेंबर १९७४

ती. गं. भा. देवकीवहिनींस शामलेचा शि. सा. न. वि. वि.

'असेल' वाचून मी घाबरले. आमच्या लग्नात भटजींनी मुहूर्त दोन मिनिटे चुकवला तर तो मांडवात उभा राहून बोलला होता. सासरच्या लोकांनी अजून ते सोडलेले नाही.

वहिनी, त्याला थोडे दिवस इकडे पाठवा. धान निघाले आहे, घरात सकाळपासून माणसांची ये-जा आहे, एकटे राहायला इथे कोणाला मिळतच नाही. मळणीचा हिशेब ह्यांनी असा ठेवला आहे की, तो बघून दादाला स्वस्थ बसवणार नाही. मुद्दाम तसाच ठेवू दिला आहे.

पण मला भीती वाटते. खरे सांगते, फार वाटते. माझ्या घरी काही झाले तर? तुम्ही तिथे होतात, वर्ग होता, टेम्पो होता. मला काय येते? म्हणून काय करायचे ते मला नीट लिहून पाठवा. मी ह्यांच्यावर सराव करून बघितला. ह्यांना म्हटले बेशुद्ध पडा. ते पडले. मी तुमच्या पत्राप्रमाणे कुशीवर वळवले, गुडघा वाकवला. इतके सगळे करेपर्यंत हे घोरू लागले. आता बेशुद्ध आणि झोपलेला यातला फरकही कळवा.

आणि एक. त्याच्यापाशी त्या गोष्टीबद्दल बोलायचे की नाही? लोक विचारतील तेव्हा काय सांगायचे? ह्यांनी उन्हाचे सांगितले ते आता मागे कसे घ्यायचे?

ह्यांचे मनाच्या डॉक्टरबद्दलचे मत बदलले आहे. कसे ते सांगते. रविवारी रात्री जेवताना तुमचे पत्र मी पुन्हा वाचून दाखवले. ते लाजण्याचे वाक्य आले तसे ह्यांनी ताट सरकवले. मग म्हणाले की, बाबा गेले त्या साली आपल्यालेही दोन महिने असंच वाटून राहिलं होतं, विहिरीवर जाणं आपण टाळत होतो. मी ह्यांच्या शेजारी झोपत होते, वहिनी. मला वाटले होते ह्यांचे पोट बिघडले आहे, मी ओवा देत होते. बावीस वर्षांनी मला कळले. मी विचारले, सांगितले काहून नाही? तर म्हणाले, "तू विचारलं कुठं वं?"

म्हणून सांगते, पाठवा त्याला. आता मी विचारीन.

तुमच्या आशीर्वादाची छाया राहू द्या. इंदूबाईच्या लुगड्याचा रंग तुम्ही अजून कळवलेला नाही.

तुमची,
शामला


॥ श्री ॥

धरमपेठ, नागपूर
शनिवार, २१ डिसेंबर १९७४, सायंकाळ

चि. सौ. शामला हिस अनेक आशीर्वाद.

लुगड्याचा रंग अंजिरी. काठ हिरवा नको असे इंदूबाई म्हणते.

आधी तुझे प्रश्न. झोपलेला माणूस हाकेने किंवा चिमट्याने उठतो, निदान शिवी देतो. जो काहीच करीत नाही तो बेशुद्ध. मग छाती हलते का बघ, आणि हाताची मागची बाजू नाकाशी धरून बघ. श्वास असेल तर कुशीवर वळव, जसे वामनरावांना वळवलेस तसेच, तोंड जरा खाली, म्हणजे उलटी झाली तरी बाहेर पडेल. कपडे सैल कर. तोंडात पाणी नाही, दूध नाही, तूप नाही, लिंबू नाही. बोटे घालून उलटी काढायची नाही. कांदा भाजीत घाल. एकाला वाहन आणायला पाठव आणि तू त्यांच्यापासून हलू नकोस, श्वास मोजत राहा. जवळ जी बाटली, पुडी, चिठ्ठी सापडेल ती बरोबर घे, आणि डॉक्टरला खरे सांग. श्वास नसेल तर तोंडाने तो कसा द्यायचा आणि छाती कशी दाबायची हे पत्राने शिकवता येत नाही. ते मी स्वतः येऊन गणपतरावांवर दाखवीन. छाती दाबायचा सराव जिवंत माणसावर करायचा नसतो, हे वामनरावांना आधीच सांगून ठेव, नाहीतर ते हौसेने पडतील.

बोलायचे की नाही? बोलायचे. दर घासाला नव्हे, पण टाळायचेही नाही. लोकांना सांग, भाऊ आजारी होता, आता बरा होतो आहे. हे खरे आहे. ऊन वामनरावांनी आणले, ते त्यांनीच परत न्यावे. बाकी त्यांच्या विहिरीबद्दल वाचले. त्यांना माझा नमस्कार सांग. यापूर्वी इतक्या मनापासून कधी सांगितला नव्हता.

आता आजचे. आज वर्ग घेतला. बायका यायला तयार नव्हत्या, कुसुमताई तर म्हणाल्या की, आता पट्टी हातात धरवत नाही. मी म्हटले, म्हणूनच या. पहिल्या अर्ध्या तासात मी माझी चूक त्यांच्यासमोर सांगितली. मग इंदूबाईला चहाच्या कामावरून काढून वर्गात पुढे बसवले. तिला अक्षर येत नाही, पण त्या दिवशी पडवीत रोगी फक्त तिने बघितला, आम्ही पट्ट्या बघितल्या. ती म्हणाली, मी नाही बसत, मले लाज वाटते. मी म्हटले, मलाही वाटते, तरी उभी आहे ना?

गोपाळराव दाराशी खुर्ची टाकून बसले होते. एकटे ठेवायचे नाही म्हणून मीच बसवले होते. तख्तपोसावर लोड. कुसुमताईंनी झोळी बांधली. मी तपासले, बरोबर म्हटले, आणि पुढे निघाले. तेवढ्यात दाराकडून आवाज आला, "गाठ उलटी आहे. सुटेल ती."

कोणी हसले नाही. मी वळले नाही, कारण माझ्या चेहऱ्याचा मला भरवसा नव्हता. लोडाकडे बघत म्हटले की, मग इथे येऊन नीट दाखवा, तिथून काय सांगता. ते आले. गाठ सोडली, पुन्हा बांधली, कुसुमताईंकडून तीनदा बांधून घेतली. गाठ खरोखरच उलटी होती. मी ती मुद्दाम सोडली नव्हती, शामला. माझीच नजर चुकली होती. तुला वाटेल मी परीक्षा घेत होते, म्हणून लिहिले.

मग त्यांनी विचारले की, इंदूबाई वर्गात बसली तर चहा कोण करणार? कोणीच उठेना, तेव्हा स्वतः आत गेले. मी मागोमाग गेले, एकटे ठेवायचे नाही. आधण ठेवले. चहा बेताचाच झाला. त्यातला एक कप त्यांनी स्वतः प्यायला, सगळा.

याला बरे झाले म्हणायचे नाही. डॉक्टरने बजावले आहे की, चार दिवस चांगले, एक दिवस वाईट, असे चालेल, आणि चांगल्या दिवशीही नजर हटवायची नाही. परवा रात्री ते दोन वाजता ओट्यावर बसलेले होते. मी विचारले, ते म्हणाले, आला होता विचार, बसला आणि गेला. मी तांदळाची पेज केली, दोघांनी खाल्ली. पण आजचा शनिवार मी जमेच्या बाजूला धरते.

बुधवारी, नाताळच्या सुटीला, सकाळच्या एसटीने मी स्वतः त्यांना घेऊन येते आणि संध्याकाळी परत फिरते. ८ जानेवारीला त्यांना डॉक्टरकडे यायचे आहे, तेव्हा ७ तारखेला ते इथे हवेत. काय काय आणले त्याची यादी सोबत आणीन. तोंडी कारभार मला चालत नाही. सही करून माझ्या हाती दे.

मायेचे काय लिहायचे ते तू पहिल्याच पत्रात लिहून टाकलेस. माझीही तेवढीच आहे, बोलून दाखवायला उशीर झाला.

तुझी,
देवकीवहिनी


पोचपावती

रामटेक, बुधवार, २५ डिसेंबर १९७४

खालीलप्रमाणे सौ. शामला वामनराव यांच्या ताब्यात दिले:

१. गोपाळराव. नग एक. श्वास चालू, तक्रारी चालू. एसटीत वाहकाने सुट्या पैशांत केलेली चूक काढली.

२. त्यांची औषधे, १३ दिवसांची, कुलूपबंद डबीत. किल्ली शामलेच्या मंगळसूत्राला. वामनरावांकडे देऊ नये, ते हरवतात.

३. त्रिकोणी पट्ट्या चार, लाकडी फळ्या दोन, कात्री एक. कात्री कशावरही ठेवण्याआधी खाली काय आहे ते बघावे.

४. गणपतराव, लोड. छाती दाबण्याच्या सरावासाठी. सराव झाल्यावर वामनरावांनी त्यावर झोपू नये.

५. चहाचा कप एक, कान तुटलेला. त्यांचा तोच आहे.

वरीलपैकी अनुक्रमांक एक कायमचा दिलेला नाही. ७ जानेवारीस परत करण्याच्या बोलीवर आहे. धरमपेठेत शनिवारी दुपारी दोनची जागा रिकामी ठेवली आहे. त्या जागी लोड ठेवला जाणार नाही.

देणार: देवकी
घेणार: सौ. शामला. मिळाले. मोजून घेतले, मग एकदा मिठी मारून घेतले.
साक्षीदार: वामनराव. ऊन परत घेतले आहे.

यादी तपासली. अनुक्रमांक तीनमध्ये पट्ट्या चार लिहिल्या आहेत, प्रत्यक्षात पाच आहेत. अनुक्रमांक एक बरोबर आहे.
— गोपाळ